डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगितलंत का?

डोलवीतल्या आमच्या घरी फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे. अब्बांच्या हृदयात स्टेंट बसला त्या आठवड्यात मी तो तयार केला होता. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. घरात काही बिघडलं की आधी तक्ता मांडतो. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, आणि घेतली की खूण करायला एक चौकोन. फोनवरचे अलार्म वेगळे. पुण्यात बसून मला अब्बांच्या प्रत्येक गोळीचा हिशेब दिसत होता आणि मी स्वतःवर खूश होतो.

त्या तक्त्यात एक रकाना कमी होता. त्या एका रकान्यापायी अब्बा सहा महिन्यांनी पुन्हा रात्री दोन वाजता इमर्जन्सीत पोचले.

ही गोष्ट मी लिहितोय, कारण ती फक्त आमच्या घरातली नाही. मी ती मित्रांना सांगितली तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने आपल्या घरातली अशीच एखादी बरणी, बाटली किंवा पुडी आठवून सांगितली.

एक खोकला आणि त्याच्या मागची साखळी

अब्बांचं डोलवीत वेल्डिंगचं दुकान आहे. समोर हायवे, त्यावर दिवसरात्र ट्रेलर, आणि पलीकडे स्टीलचा कारखाना. २०१० मध्ये तो जेएसडब्ल्यूकडे गेला, पण आमच्याकडची जुनी माणसं अजूनही ‘इस्पात’च म्हणतात. एका दुपारी अब्बांच्या छातीत जड वाटायला लागलं, घाम फुटला. त्यांनी पित्त झालं म्हणून सोडा प्यायला. शेजारच्या टायरवाल्या काकांनी त्यांचा चेहरा बघितला, काही न विचारता रिक्षात घातलं आणि पेणला नेलं. तिथे ईसीजी निघाला, तिथून नवी मुंबई, आणि त्याच रात्री अँजिओप्लास्टी. अल्लाहचा शुक्र की काका शेजारी होते.

घरी येताना पाच गोळ्या होत्या. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून दोन, कोलेस्टेरॉलची एक, हृदयाची धडधड आवरणारी एक आणि रक्तदाबाची रॅमिप्रिल. दीड-दोन महिन्यांत अब्बांना कोरडा खोकला सुरू झाला. कफ नाही, ताप नाही, नुसता ढास. रात्री जास्त. कारखान्याची धूळ, हायवेचा धूर. डोलवीत खोकल्याला कारण शोधावं लागत नाही. अम्मीने घरचा इलाज काढला. मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध, आलं आणि तुळस घालून काढा. दिवसातून तीनदा. घशाला आराम पडायचा, म्हणून तो रोजचाच झाला.

पुढच्या तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला. पायांवर थोडी सूज. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना? मी अभिमानाने फोनमधला तक्ता दाखवला. एकही चौकोन रिकामा नव्हता. डॉक्टरांनी लघवीवाटे पाणी काढणारी आणखी एक गोळी लिहून दिली. तीन आठवड्यांनी अब्बांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, जिना चढवेना, आणि एका रात्री छातीत नुसती फडफड. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा पोटॅशियम तीनच्याही खाली होतं. साधारण साडेतीन ते पाच असावं लागतं. ते फार उतरलं की हृदयाचे ठोके चुकतात, आणि असे चुकलेले ठोके जीवही घेऊ शकतात.

त्या रात्री ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिने फाईल वाचली, मग खुर्ची ओढून अब्बांच्या उशाशी बसली आणि म्हणाली, “चाचा, या गोळ्या सोडून दिवसभरात पोटात आणखी काय काय जातं? मी रागावणार नाही. सगळं सांगा.”

अब्बा गप्प. अम्मीने पिशवीतून बरणी काढून पुढे ठेवली.

मग एकेक कडी उलगडली. रॅमिप्रिल ज्या गटातली गोळी आहे त्या गटाने काही लोकांना कोरडा खोकला होतो. हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. अब्बांनी खोकल्याचं सांगितलं असतं तर त्यांनी खोकला न आणणारी, त्याच कामाची दुसऱ्या गटातली गोळी दिली असती. खोकला सांगितला नाही म्हणून काढा आला. ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन नावाचा घटक असतो. तो रोज आणि भरपूर पोटात गेला तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. रक्तदाब वाढतो, पाय सुजतात. काढा सांगितला नाही म्हणून डॉक्टरांना वाटलं, गोळी कमी पडतेय. त्यांनी पाणी काढणारी गोळी वाढवली. तीही पोटॅशियम बाहेर काढते. दोन्हीकडून गळती.

या साखळीत खलनायक कोणी नाही. अम्मीचा काढा प्रेमाचा होता. डॉक्टरांची नवी गोळी त्यांच्यापुढे असलेल्या माहितीनुसार बरोबर होती. माझा तक्ताही बरोबर होता, फक्त अपुरा. आमच्या कामात चालू सिस्टिममध्ये कुणी न सांगता, कुठे नोंद न करता बदल केला तर आम्ही त्याच्यावर चिडतो. कारण मग बिघाड शोधणारा माणूस चुकीच्या जागी शोधत राहतो. माझ्याच घरात हे चार महिने चाललं होतं.

मी अब्बांना नंतर विचारलं, “डॉक्टरांना का नाही सांगितलंत?” ते म्हणाले, “एवढ्या मोठ्या डॉक्टरला मुलेठीचं काय सांगायचं? हसला असता.”

लोक हकीमाकडे का जातात

माझ्यासारख्या शिकलेल्या मुलांची एक सवय आहे. असं काही घडलं की आपण ताबडतोब अडाणीपणावर खापर फोडतो. मला ते पटत नाही, कारण ते खरं नाही.

हकीम नाडी धरतो, झोप विचारतो, भूक विचारतो, घरची चौकशी करतो, आपल्या भाषेत बोलतो. मोठ्या हॉस्पिटलात दोन तास बसल्यावर तीन मिनिटं मिळतात, त्यातही डॉक्टरांची नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर. पेण-रोह्याच्या गावांमधून तपासणीला जायचं तर एका दिवसाचा रोज बुडतो आणि गाडीभाडं जातं. त्यात बिलाची धास्ती. ही धास्ती कल्पनेतली नव्हती. औषध लावलेल्या एका स्टेंटमागे लाखाच्या वर पैसे घेतले जात असत. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने किमतीवर मर्यादा घातली तेव्हा तोच स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. लोकांना लुटल्यासारखं वाटत होतं, ते उगाच नव्हतं.

म्हणून जो कोणी वडिलांना ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणून गप्प करतो, तो त्यांना हकीमापासून तोडत नाही, स्वतःपासून तोडतो. बरणी तशीच राहते, फक्त कपाटाच्या मागे जाते. आणि हृदयरोगात मागे लपवलेली बरणी समोरच्या बरणीपेक्षा जास्त धोक्याची.

आपल्या हकीमांचा वारसा

वनस्पतीतून हृदयाचं औषध मिळू शकतं का? मिळालेलं आहे, आणि त्यातली एक गोष्ट थेट आपल्याशी, दुसरी मुंबईशी जोडलेली आहे.

हकीम अजमल खान यांचं नाव आपल्याला जामिया मिल्लियाचे एक संस्थापक आणि काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून माहीत असतं. दिल्लीतल्या घराण्याचे ते नामवंत हकीम. युनानीचा त्यांना अभिमान होता, पण आपली औषधं प्रयोगशाळेत तपासली जावीत हा आग्रहही त्यांचाच. त्यासाठी त्यांनी सलीमुज्जमाँ सिद्दीकी या जर्मनीत शिकलेल्या तरुण रसायनशास्त्रज्ञाला दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजच्या कामासाठी निवडलं. १९२७ मध्ये हकीमसाहेब गेले. १९३१ मध्ये सिद्दीकींनी सर्पगंधाच्या मुळीतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं अजमलीन. हे द्रव्य हृदयाच्या ठोक्यांवर काम करतं. ठोक्यांचा एक जीवघेणा आनुवंशिक आजार ओळखण्यासाठी जगातल्या मोठ्या हॉस्पिटलांत हृदयरोगतज्ज्ञ आजही अजमलीन टोचून तपासणी करतात. एका हकीमाचं नाव ईसीजीच्या यंत्राशेजारी असं पोचलं आहे.

दुसरी गोष्ट मुंबईची. याच सर्पगंधाने रक्तदाब उतरतो असं आपल्याकडच्या वैद्यांचं आणि काही डॉक्टरांचं निरीक्षण होतं. केईएमशी संबंधित असलेले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते ऐकलं आणि हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना मोजून मात्रा दिली, आधीचे आणि नंतरचे आकडे नोंदवले, त्रास काय झाला तेही लिहिलं, आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. मग जगाने सर्पगंधाकडे वळून पाहिलं. १९५२ मध्ये त्यातून रेसरपीन वेगळं झालं आणि बरीच वर्षं ते रक्तदाबाचं एक मुख्य औषध होतं. १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण मोजमाप सुरू झालं म्हणून दुसरी बाजूही कळली. जास्त मात्रेत काही रुग्णांना खोल उदासी येत होती. पुढे अधिक चांगल्या गोळ्या आल्या आणि रेसरपीन मागे पडलं.

इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या झाडाबद्दल असंच पुस्तक लिहिलं. तिथल्या गावठी काढ्यातलं हे झाड. त्यात कोणाला फायदा झाला तेही लिहिलं आणि कोणाला जास्त मात्रेने त्रास झाला तेही. आजची डिगॉक्सिनची गोळी त्याच कुळातल्या झाडापासून आली.

या तिन्ही गोष्टींत जडीबुटीला तुच्छ मानणारा कोणी नाही, आणि ‘बुजुर्गांनी सांगितलंय’ म्हणून थांबणाराही कोणी नाही. मात्रा मोजली, परिणाम लिहिले, नुकसान लपवलं नाही. जे आज अजमल खानांचं नाव घेऊन बिनलेबलची पुडी विकतात, ते त्यांचे वारस नव्हेत.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’

आमच्या दुकानामागे कण्हेर आहे. कोकणात कितीतरी अंगणांत असते. तिच्यात डिगॉक्सिनसारखंच हृदयावर काम करणारं द्रव्य असतं, आणि त्याने माणूस मरतो. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तिच्या बिया तर त्याहून बदनाम. म्हणजे ‘नैसर्गिक’ या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. जे औषध म्हणून काम करतं ते दुसऱ्या औषधाच्या कामात आडवंही येतं.

आपल्या ग्रुपवर फिरणारे नुस्खे तुम्हाला पाठ असतील. आलं, लसूण, लिंबाचा रस आणि सफरचंदाचा सिरका आटवून मध घालायचा. ‘ब्लॉकेज निघून जातात, बायपासची गरज नाही.’ पिंपळाची पंधरा पानं उकळायची. ‘हार्ट अटॅक पुन्हा कधीच नाही.’ भाजीतला लसूण खुशाल खावा. पण लसणाचा तीव्र अर्क किंवा कॅप्सूल रक्त गोठणं कमी करू शकतात, आणि स्टेंटचा रुग्ण त्याच कामाच्या दोन गोळ्या आधीच घेत असतो. वॉरफरिन घेणाऱ्यांना तर अशा गोष्टींनी रक्तस्राव होण्याची भीती आणखी मोठी. आणि उकळलेल्या कुठल्याही पानाने रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं साठलेला थर धुऊन निघाल्याचा पुरावा नाही. सगळ्यात घातक म्हणजे त्या निरोपाचं शेवटचं वाक्य, ‘मग गोळ्या बंद करा.’ स्टेंट बसल्यावर गुठळी रोखणारी गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो. ती किती महिने घ्यायची, हे फक्त तुमच्या हृदयाच्या डॉक्टरने ठरवायचं.

भस्म आणि कुश्ते यांचा प्रश्न वेगळा. २००८ मध्ये अमेरिकेत एक तपासणी प्रसिद्ध झाली. इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यांपैकी काही भारतात बनलेली होती, काही अमेरिकेत. हृदय सांभाळायला घेतलेली पुडी मूत्रपिंड घालवू शकते.

अर्जुनाचं काय, असं कोणीतरी विचारणारच. विचारायलाच हवं, कारण हे झाड आपल्या ओढ्याकाठचं आणि त्याची साल हृदयासाठी शतकानुशतकं वापरात आहे. आयुर्वेदात ती आहेच, आमच्याकडचे हकीमही सुचवतात. तिच्यावर खरं संशोधन झालं आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात चालताना छातीत दुखणाऱ्या ५८ पुरुषांवर ती आजमावली, आणि दुखणं कमी झालेलं दिसलं. २०१६ मध्ये दिल्लीच्या एम्सचा अभ्यास आला. त्यात हृदय कमजोर झालेल्या रुग्णांना बाकीच्या गोळ्यांसोबत अर्जुनाचा अर्क दिला. काहींना हालचालीत बरं वाटलं, पण हृदयाची रक्त फेकण्याची ताकद वाढली नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की प्रामाणिक उत्तर मिळतं. अर्जुनात काहीतरी असेल. अजून मोठे अभ्यास हवेत. आणि अटॅक टळतो किंवा आयुष्य वाढतं हे सिद्ध झालेलं नाही. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, चालू गोळ्यांच्या जोडीला. गोळ्यांच्या बदल्यात नाही.

उलट दिशेचीही एक गोष्ट सांगतो, कारण तिचाही गैरवापर होतो. २०२० मध्ये ‘इस्कीमिया’ नावाचा मोठा अभ्यास छापून आला. स्थिर हृदयविकार असलेल्या ५,१७९ रुग्णांत, आधीच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केलेले आणि आधी औषधांवर ठेवलेले, यांच्या मृत्यूत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे ‘डॉक्टर, आत्ताच स्टेंट हवा का? औषधांवर थांबता येईल का?’ हा प्रश्न विचारणं हा रुग्णाचा हक्क आहे. पण नीट वाचा. पहिली गोष्ट, अटॅक आलेल्या माणसाला हे लागू नाही. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं. दुसरी, त्या अभ्यासात स्टेंटला पर्याय म्हणून तपासलेल्या गोळ्या होत्या, पिंपळाची पानं नव्हती.

दवा, दुआ आणि तबीब

कलौंजी आणि खजुराचं नाव निघालं की घरातला वाद दीनवर येतो. मग पोरगा गप्प बसतो, कारण कोणाला बेअदबी करायची नसते. मला एक रिवायत इथे फार मोलाची वाटते. ती अबू दाऊदच्या संग्रहात आहे. साद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी होते. पैगंबर (स.) त्यांना पाहायला आले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले की हा हृदयाचा आजार आहे. त्यांनी अजवा खजुराचा उल्लेख केला, हे आपण सगळे सांगतो. त्याआधी त्यांनी सादना सकीफच्या हारिस बिन कलदाकडे जायला सांगितलं, कारण तो तबीब आहे, आणि औषध त्याने करून द्यावं. हे मात्र आपण सांगायचं विसरतो. खजूर होता, तो जाणकाराच्या हातून होता.

त्याच संग्रहात आणखी एक रिवायत आहे. वैद्यकाचं ज्ञान नसताना जो इलाज करतो, तो झालेल्या नुकसानीला जबाबदार धरला जाईल. फॉरवर्डचं बटण दाबण्याआधी हे वाक्य आठवावं. ‘सवाब मिळेल’ म्हणून नुस्खा पाठवणाऱ्या मामूंना हे प्रेमाने, पण सांगायला हवं.

आपल्या देशाचा कायदाही हेच म्हणतो. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांच्या यादीत हृदयरोग आणि रक्तदाब दोन्ही आहेत. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पतंजलीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली, ती दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्याच प्रकरणात. दावा भगव्या वेष्टनात असो की हिरव्या, कसोटी एकच असली पाहिजे. दुसऱ्यांच्या चमत्कारावर हसायचं आणि आपल्या ग्रुपमधला चमत्कार पुढे ढकलायचा, हे जमणार नाही.

मग करायचं काय?

आता आमच्या घरातला नियम सांगतो. जोडीला चालेल, बदल्यात नाही, लपवून तर मुळीच नाही.

घरात हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा साखरेचा रुग्ण असेल तर एक यादी करा. गोळ्यांशेजारी काढा, चूर्ण, माजून, खमीरा, कॅप्सूल, तेल, सगळं लिहा. कधीपासून आणि किती, तेही. दर तपासणीला ती पुढे ठेवा. डॉक्टर विचारत नसतील तर आपण सांगा. नवी तक्रार आली, खोकला असो की सूज, तर घरच्या इलाजाआधी एकच फोन करा, ‘हे गोळीने होतंय का?’ खमीरा किंवा कॅप्सूल विकत घेताना बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक आणि घटक छापलेले नसतील तर घेऊ नका. रमजानच्या आधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारप्रमाणे लावून घ्या. रोजा जमेल की नाही हेही तिथेच विचारा. आणि छातीत जड वाटलं, घाम आला, हात किंवा जबडा दुखला तर सोडा नाही, आलं नाही, सकाळची वाट नाही. १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल.

पैशाची अडचण असेल तर लाजू नका. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया येतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा. रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात कमी किमतीत मिळतात. बऱ्याचदा माणूस गोळी सोडतो ती विश्वास उडाला म्हणून नाही, पाकिटात पैसे नाहीत म्हणून.

एक काम तरुणांनी एकत्र येऊन करण्यासारखं आहे. आपण रक्तदान शिबिरं घेतो, शुगर-बीपीची शिबिरं घेतो. एक शिबिर असं घेऊ या की ज्यात येणाऱ्याने घरी जे जे औषध म्हणून घेतो ते सगळं एका पिशवीत घालून आणायचं. एक डॉक्टर, एक फार्मासिस्ट, आणि शक्य असेल तर पदवीधर हकीम किंवा वैद्यही. पिशवी टेबलावर रिकामी करायची, कोणीही हसायचं नाही, कोणीही रागावायचं नाही. काय काय एकमेकांच्या आड येतंय ते कागदावर लिहून द्यायचं. जुम्याच्या नमाजनंतर, मशिदीच्या अंगणात किंवा शाळेच्या वर्गात दोन तास पुरतील. डॉक्टरांनाही विनंती आहे: तो एक प्रश्न विचारा, पण त्या रात्रीच्या डॉक्टरने विचारला तसा. ‘मी रागावणार नाही’ या तीन शब्दांनी आमची बरणी पिशवीतून बाहेर आली.

अब्बा आता बरे आहेत. रक्तदाबाची गोळी बदलली, मुलेठी बंद झाली, खोकला काही आठवड्यांत गेला, पोटॅशियम जागेवर आलं. तुळस-आल्याचा साधा चहा डॉक्टरांना विचारून सुरू आहे. दुकान रोज उघडतं.

फ्रीजवरचा कागद बदललाय. उजवीकडे एक नवा रकाना आहे, त्याचं नाव ‘बाकीचं’. तो मी भरत नाही, अम्मी भरते, उर्दूत. गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आधी तोच रकाना वाचून दाखवायला सांगितला.

आज घरी फोन कराल तेव्हा ‘गोळ्या घेतल्या का?’ एवढ्यावर ठेवू नका. ‘आणखी काय घेता?’ हेही विचारा. आणि उत्तर काहीही आलं तरी हसू नका.